चौऱ्याऐंशी किलोच्या माणसाचा बोर्ड

बर्फावरून घसरायचा बोर्ड निवडायला येणारी निम्मी माणसं रंग बघतात. मी काउंटरवर बसते म्हणून सांगते. कार्ला फाट्याच्या जवळ आमचं स्नो पार्क आहे. बाहेर तीस, आत उणे पाच आणि मधल्या दारात माणसं शिंकत उभी. पुण्याहून एखादा जाडजूड गडी येतो आणि कवटीचं चित्र असलेला बोर्ड मागतो. तो असतो लहान मुलांचा. मी म्हणते, "हा तुमच्या मुलाला द्या, तुम्ही हा घ्या." तर तोंड पाडून म्हणतो, "ताई, पण हा किती प्लेन आहे!" अरे बाबा, लग्नाचा सूट घेतोयस का?

बोर्ड असा घेत नाहीत. आधी वजन बघायचं, उंची नंतर. मग पाऊल बघायचं, कारण बुटाचं टोक आणि टाच बोर्डच्या कडेपर्यंत पोचली नाहीत तर वळताच येत नाही. आणि मग विचारायचं, तुम्हाला करायचंय काय? कुणाला सरळ सुसाट खाली यायचं असतं. त्याला लांब, कडक बोर्ड लागतो, पुढचं टोक मोठं, मागचं लहान. कुणाला उड्या मारायच्या असतात, गरकन फिरायचं असतं, उलटं खाली यायचं असतं. त्याला आखूड, लवचिक आणि दोन्ही टोकं सारखी असलेला. नवशिक्याला मधला, मऊ. पडलं तरी माफ करणारा. झालं, एवढंच शास्त्र आहे.

हे मला अजीमने शिकवलं. अजीम माझा नवरा. पार्कात बर्फ पाडायचं जे मशीन आहे ते तो सांभाळायचा. लग्नाआधी दोन हिवाळे गुलमर्गच्या एका हॉटेलात फ्रिज आणि बॉयलर बघायला होता, तिथे हा नाद लागला. परत येताना कुणा परदेशी माणसाकडून जुना बोर्ड घेऊन आला. लोणावळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत तो बोर्ड कितीतरी वर्षं भिंतीला टेकून उभा होता. शेजारणीला वाटायचं, इस्त्रीची फळी आहे. तिने एकदा मागितलीही होती.

जुलैमध्ये अजीम गेला. सकाळी ड्युटीवर निघाला होता, चपला घालायला वाकला आणि वर आलाच नाही. हार्ट. बस, एवढंच. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मी रडले नाही. मय्यतीला आलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मग एकमेकींकडे बघत होत्या. नणंद म्हणाली, "भाभी, रडून घ्या, नाहीतर आत साठेल." मी म्हटलं, बरं. पण येईना त्याला मी काय करू? सगळे म्हणाले धक्का आहे, येईल. चाळिसावा झाला, आलं नाही. इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले, आलं नाही. मी परत काउंटरवर येऊन बसले. बर्फात हात बधिर होतात, बाहेर उन्हात आलं की मुंग्या येतात आणि बोटं ताळ्यावर येतात. माझं बाकीचं तसं झालं नाही. चहा गरम आहे हे कळायचं, चांगला आहे की वाईट ते कळायचं नाही.

आणि त्यातच शिफाचं नाव लागलं.

शिफा आमची मुलगी, सतरा वर्षांची, एवढीशी. वजन सत्तेचाळीस. पार्क बंद झालं की अजीम तिला आत न्यायचा, असं सहा वर्षं. जानेवारीत गुलमर्गला शिबिर होतं आणि तिथून महाराष्ट्राचा संघ निवडणार होते. आपापला बोर्ड आणा, असं कळवलं होतं. अख्ख्या मावळातून ही एकटी पोरगी. खरा डोंगर, खरा बर्फ, आणि तिने आजवर छपराखालचाच बघितलेला. हे एवढं एक तिला हवं होतं. अकरावीत नापास झाली असती तरी तिला चाललं असतं, हे नाही.

घरी येऊन तिने पहिली गोष्ट काय केली, तर भिंतीचा बोर्ड उचलला.

"मी अब्बूंचा घेऊन जाणार," म्हणाली.

मी म्हटलं, "बरं."

कुणीही शहाणी बाई म्हणाली असती, अगं डोकं ठिकाणावर आहे का, तो तुझ्या डोक्यापेक्षा उंच आहे. मी बरं म्हणून भाकरी उलटली.

पार्कात शिकवायला प्रज्ञेश आहे. सुदुंबऱ्याचा. मनालीला कोर्स करून आलेला, अंगाने दणकट, बोलायला मवाळ. त्याने तो बोर्ड बघितला आणि कपाळाला हात लावला.

"शिफा, हा अजीमसरांचा आहे. चौऱ्याऐंशी किलोचा माणूस यावर उभा राहायचा. तू उभी राहिलीस तर हा वाकणारसुद्धा नाही."

"वाकेल."

"आणि रुंदी बघ. तुझी बोटं कडेपर्यंत जातायत का? आणि तू उड्या मारणारी, हा सरळ पळणारा. तुला दोन्ही टोकं सारखी लागतात. याचं मागचं टोक बघ केवढंसं आहे."

"सर, मी करीन ना."

प्रज्ञेश माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही तरी सांगा."

सगळे मला हेच म्हणतात, तुम्ही तरी सांगा. मी पावत्यांच्या पिना नीट लावत होते. "तिचं तिला कळतं," म्हटलं.

शिफा वर चढली. आमचा उतार काही मोठा नाही. वर उभं राहिलं की खालचं सगळं दिसतं, आणि काउंटरच्या मागे मोठी काच आहे तिथून आतलं सगळं दिसतं. मी एरवी उठत नाही. काय बघायचं? माणसं पडतात, माणसं उठतात. पण तेव्हा तो बोर्ड बर्फावर घासल्याचा आवाज आला. बाकीचे बोर्ड खरखर करतात. तो जाड आवाज करायचा, खालच्या पट्टीतला. मी उठून काचेपाशी गेले.

आणि अजीम खाली येत होता.

म्हणजे शिफाच होती, मला वेड लागलेलं नाही. पण तो बोर्ड एवढा कडक की तिला मागच्या पायावर रेलून सगळं अंग टाकावं लागत होतं. एरवी ती उजवा पाय पुढे ठेवते. अजीमच्या सवयीने त्यावरची बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचे पट्टे, डावा पाय पुढे येईल अशी लावलेली होती, ती तिने तशीच ठेवली. पाय फाकलेले, हात खाली, खांदे पडलेले. अगदी तसाच यायचा तो, बाजारातून पिशव्या घेऊन आल्यासारखा. माझ्या छातीत काहीतरी हललं. जुलैनंतर पहिल्यांदा. एवढुसंच, पण हललं.

खाली वळण घेताना ती आपटली. परत वर गेली. परत आपटली.

मी काचेपाशी उभीच राहिले.

आता तुम्हाला कळलंच असेल. पोरीचं शिबिर तोंडावर आलेलं, बोर्ड सपशेल चुकीचा, आणि आई सगळं कळत असून गप्प. कारण त्या उताराएवढा वेळ नवरा दिसत होता. मला त्याची लाजही वाटत नव्हती. लाज वाटायलाही आत काहीतरी जिवंत असावं लागतं.

आठ-दहा दिवस असंच चाललं. दुपारी पार्कात गर्दी नसली की शिफा कॉलेजातून थेट यायची. आधी पार्कातल्या एखाद्या बोर्डवर अंग मोकळं करायची, मग अब्बूंचा घ्यायची. मी जाड आवाज आला की उठायची. विठामावशी भाड्याची जॅकेटं वाळत घालतात, कार्ल्याच्याच आहेत, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. एक दिवस म्हणाल्या, "पोरगी लंगडतीया. बघितलंस का?"

"हो."

"मग?"

"मग काय मावशी?"

"मग काय म्हंजी? आई हाईस का कोन हाईस? लय झालं आता, तिला आवर."

रात्री मी आंबेहळद उगाळली आणि गुडघ्याला लावली. गुडघा चांगलाच सुजला होता. शिफा ओठ दाबून बसली. मला म्हणाली, "उद्या बरं होईल." मी म्हटलं, "होईल." लेप वाळला, आम्ही दोघी झोपलो. बघा, असं चाललं होतं.

शेवटी प्रज्ञेशने माझ्या दिराला फोन केला. त्या पोराचा हेतू चांगला होता, पण फोन कुणाला करावा? युनूसभाईंना! युनूसभाई कार्ल्यात फर्निचर बनवतात. बंगल्यांचे दरवाजे, पलंग, किचनच्या ट्रॉल्या. हाताला कसब आहे, काही वाद नाही. पण जगात जे काही अडतं ते लाकडाचं असतं आणि त्यावर इलाज म्हणजे रंधा, अशी त्यांची ठाम समजूत आहे. संध्याकाळी घरी आले, बोर्ड हातात घेऊन वाजवून बघितला, कडेला नख लावलं.

"आत लाकूडच आहे, भाभी."

"हो."

"मग एवढा तमाशा कशाला? दार फुगलं तर आपण दार बदलतो का? पोरीच्या मापाचा करून देतो. जास्तीचं उडवतो, गोलाई मारतो, वर पॉलिश. भाईजानची निशाणी पण राहील आणि हिचं काम पण होईल."

शिफा एकदम म्हणाली, "चालेल चाचू."

मी तिच्याकडे बघितलं. सहा वर्षं अजीमच्या हाताखाली शिकलेली पोरगी. बोर्ड कापत नाहीत हे तिला माझ्याइतकंच ठाऊक. आत लाकडाची सलग पट्टी असते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोर्ड वाकतो आणि परत सरळ होतो म्हणून तर चालतो. कापला की संपला, मग खरंच इस्त्रीची फळी. हे सगळं माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं. युनूसभाई चहा पिऊन गेले.

रविवारी आम्ही त्यांच्या कारखान्यावर गेलो. कारखाना म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याची शेड. भातखाचरं कापून झालेली, मागे सगळं पिवळं आणि मोकळं. आत कुणाच्या तरी बंगल्याचं अर्धवट ड्रेसिंग टेबल उभं होतं, त्याच्या आरशात आम्ही तिघं दिसत होतो. फेव्हिकॉलचा आणि भुशाचा वास. युनूसभाईंनी शिफाला बोर्डशेजारी उभं केलं, चौकटीचं माप घेतात तसं. हनुवटीपाशी पेन्सिलने रेघ मारली. मग बोर्ड दोन स्टुलांवर आडवा टाकला, क्लॅम्प आवळले, सरळपट्टी लावून रेघ नीट केली. कानामागे पेन्सिल खोचली. त्यांना काम करताना बघणं एरवी छान असतं.

"कडेला पोलादाची पट्टी आहे," मी म्हटलं. एवढंच निघालं तोंडातून.

"बघितली की. करवतीचे दात जातील. आधी ग्राइंडरने तेवढी कापतो, मग करवत."

त्यांनी ग्राइंडर उचलला. मनातल्या मनात बिस्मिल्लाह म्हणाले असतील, ओठ हलले. शिफा भिंतीला टेकून उभी होती, दुखरा पाय उचलून. युनूसभाईंनी माझ्याकडे बघितलं. "चालवू, भाभी?"

मी त्या रेघेकडे बघत राहिले. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

ग्राइंडर सुरू झाला. तो आवाज पत्र्याखाली केवढा होतो! चकती पोलादाला टेकणार एवढ्यात मी भिंतीपाशी गेले आणि प्लग उपटला. कसा गेला हात तिकडे, ठाऊक नाही. चकती आपली घुंई करत बराच वेळ फिरत राहिली.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "खबरदार. हात लावायचा नाही त्याला."

युनूसभाई घाबरले. जुलैपासून माझा आवाज एवढा वर गेला नव्हता. "अहो भाभी, मी कुठं... पोरीसाठीच..."

"कापला तर मरेल तो! तिला माहितीये, मला माहितीये. तुम्हालाच माहीत नाही. चांगल्या बोर्डचा पाट करून ठेवाल, वर पॉलिश!"

"मग आधी बोलायचं ना!" ते पण तापले. आणि त्यांचं चुकत नव्हतं. "दोघी पुतळ्यासारख्या उभ्या. मी काय अंतर्ज्ञानी आहे? पोरगी म्हणते हाच पाहिजे."

"मला नकोय," शिफा म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"मला नकोच होता. त्याच्यावर काही होत नाही माझ्याच्याने. वळत नाही, उडत नाही, गुडघा फुटायची वेळ आली. मला काय कळत नाही का?"

"मग कशाला घेतलास?" मी विचारलं. "प्रज्ञेश सांगत होता, सगळे सांगत होते. कशाला?"

ती माझ्याकडे बघेना. भुशात पायाचं बोट फिरवत राहिली.

"तू काचेपाशी येतेस म्हणून."

"काय?"

"मी दुसऱ्या बोर्डवर असले की तू उठतसुद्धा नाहीस. उंच उडी मारली, तीनदा मारली, प्रज्ञेशसर ओरडले, सगळे टाळ्या वाजवतायत, तू पावत्या लावतेस. अब्बूंच्या बोर्डवर चढले की येतेस. उभी राहतेस. माझ्याकडे बघतेस." मग तिचा आवाज फाटला. "घरी तू माझ्याकडे बघत नाहीस, अम्मी. भाकरी वाढताना पण नाही. तेवढाच वेळ बघतेस."

युनूसभाईंनी क्लॅम्प सोडायला घेतले. त्यांना कुठेतरी बघायला हवं होतं.

काय सांगू तुम्हाला. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. सिनेमात घेतात. माझे हात लोंबत होते आणि मी ते कसे उचलायचे याचा विचार करत होते. तिला वाटत होतं मी तिच्याकडे बघतेय. मी तिच्याकडे बघतही नव्हते. तिच्या आरपार, तिच्या बापाकडे बघत होते. आणि हे तिला सांगायचं कसं?

तरी सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही.

"मी अब्बूंना बघत होते," म्हटलं. "त्या बोर्डवर तू त्यांच्यासारखी दिसतेस."

मला वाटलं ती चिडेल. ती नुसती मान हलवून म्हणाली, "माहितीये."

"माहितीये?"

"मग काय. म्हणून तर घेतला."

तेव्हा हात उचलले गेले. कसे ते मला विचारू नका. तिच्या केसांत भुसा गेला होता, तो मी काढत बसले, एकेक. ती रडत होती. मी नाही. युनूसभाई बाहेर जाऊन कुणाला तरी तीन चहा सांगून आले आणि परत येताना डोळे पुसत होते आणि म्हणत होते, भुसा फार उडतो.

सोमवारी मी पार्कात लवकर गेले. साहेबांना भेटले. आमचे साहेब तसे कटकटे, पण पोरीचं नाव पेपरात आलं तर पार्कचंही येणार हे त्यांना बरोबर कळतं. शिबिरापुरता स्टॉकमधला कुठलाही बोर्ड घेऊन जा म्हणाले. मग शिफा आली आणि आम्ही दोघी मागच्या खोलीत रॅकसमोर उभ्या राहिलो. तिच्या वजनाचे तीन होते. एक गुलाबी, फुलाफुलांचा, बायकांचा म्हणून आलेला. दिसायला नवरी, अंगाने ढिम्म. एक मधला, कशालाही चालणारा. आणि एक आखूड, दोन्ही टोकं सारखी, वरचा रंग खरवडून गेलेला.

"मधला घे," मी म्हटलं. "तिथे डोंगर आहे. मऊ बर्फ असेल, खोल असेल. काय असेल नसेल. कशालाही चालेल."

"कशालाही चालणारा म्हणजे कशालाच धड नाही, अम्मी. निवड उड्यांची आहे. तो उतार बनवलेला असतो, दाबलेला." तिने खरवडलेला काढला, जमिनीवर टेकवून वरून दाब दिला. तो छान वाकला आणि हात काढल्यावर सटकन सरळ झाला. तिने त्यावर बूट ठेवून बघितले. बोटं आणि टाच दोन्हीकडे कडेच्या जराशी बाहेर, पाहिजे तशी. मग तिने पान्हा घेतला आणि स्वतःच बाइंडिंग लावली. उजवा पाय पुढे.

"अब्बू ओरडायचे," म्हणाली. "म्हणायचे डावा पुढे ठेव, सरळ ये, माकडासारख्या उड्या काय मारतेस. त्यांना माझं चालवणं आवडायचं नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. एका घरात राहून ठाऊक नव्हतं. अजीम घरी येऊन सांगायचा, पोरगी तयार होतेय. एवढंच सांगायचा.

"भांडायचात?"

"रोज. मग खाली आल्यावर मला भजी घेऊन द्यायचे."

प्रज्ञेश बुटांच्या पेट्या घेऊन आत आला. अजीमचा बोर्ड दाराशी होता, पेन्सिलची रेघ तशीच. मी तो उचलून त्याच्या पुढे धरला. तो मागे सरला. "नको ताई. सरांचा आहे. घरात राहू द्या."

"वजन किती रे तुझं?"

"एक्क्याऐंशी."

"बुटाचा नंबर?"

"दहा. पण ताई..."

"अजीमचे कपडे चाळिसाव्याला वाटून टाकले. शर्ट, स्वेटर, घड्याळसुद्धा. वापरेल त्याला द्यायचं, अशी आमच्यात रीत आहे. याचंच राहिलं होतं, मावळात कुणाला देणार म्हणून. आता बोलू नकोस, घे."

त्याने घेतला. दोन्ही हातांनी घेतला, आणि मग कुठे ठेवावा ते न कळून तसाच धरून उभा राहिला. त्याचं तोंड बघून शिफाला हसू आलं.

त्या दुपारी पार्कात कुणी नव्हतं. मी काउंटर विठामावशींना सांभाळायला सांगितला तर त्या म्हणाल्या, हितं कोन येतंय, आणि माझ्याबरोबर आत आल्या. दोघींनी भाड्याची जॅकेटं घातली. आत बर्फाच्या मशीनची घरघर चालू होती. उताराच्या पायथ्याशी आम्ही उभ्या राहिलो. शिफा वर गेली, खाली बसून पट्टे आवळले, उठली. आमच्याकडे बघून हात वगैरे काही केला नाही. निघाली.

मी सवयीने शोधत होते. खांदे बघितले, हात बघितले. हात वर होते, पसरलेले. ती गुडघ्यातून खाली बसत होती आणि परत उठत होती, बोर्ड पायाखाली खरखर करत होता. मध्येच फिरली आणि पाठमोरी खाली यायला लागली, तशीच उजवीकडे, तशीच डावीकडे. उंचवट्यावरून उडाली. हवेत तिने गुडघे पोटाशी घेतले, एका हाताने बोर्डची कड धरली, सोडली आणि उतरली. गुडघा दुखला असेल, तोंड वाकडं झालं. पण उभी राहिली.

मी शेवटपर्यंत बघितलं. तिच्यात अजीम कुठेच नव्हता. चालण्यात नाही, वळण्यात नाही, उडी मारण्यात तर नाहीच नाही. सतरा वर्षांची एक मुलगी होती, हुशार, हट्टी, आणि ती तिच्या पद्धतीने खाली येत होती. मी एवढा वेळ कुठे होते? किती छान चालवत होती ती.

आणि तो नव्हता. उतारावर नव्हता, वर नव्हता, मशीनच्या खोलीत नव्हता. कुठेही नव्हता.

"मावशी," मी म्हटलं, "अजीम गेला."

विठामावशी मय्यतीला दिवसभर आमच्या घरी होत्या. तिकडच्या बायकांना पाणी त्यांनीच दिलं होतं. तरी त्या असं म्हणाल्या नाहीत की हे काय सांगतेस. मी आत्ताच निरोप आणला असावा तशा त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"व्हय गं बाय," म्हणाल्या. "गेला."

माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. शिफाने पट्टे सोडले आणि बोर्ड तिथेच टाकून ती बर्फातून धावत आली.